नकारपत्रातील एक ओळ : पाळीव प्राण्यांच्या विम्याविषयी वाचकांचे प्रश्न

पाळीव प्राण्यांच्या विम्याविषयी सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे संक्षेपाने येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे चार वर्षांचा लॅब्रॉडोर आहे. जूनमध्ये आम्ही त्याचा विमा उतरवला. नोव्हेंबरमध्ये त्याला जोराचा ताप आला, खाणे सुटले आणि नाकातून रक्त येऊ लागले. रक्ततपासणीत गोचीड ताप निघाला, प्लेटलेट्स ३८,००० पर्यंत खाली आल्या होत्या. चार दिवस दवाखान्यात ठेवावे लागले आणि एकूण १८,६४० रुपये खर्च झाला. ‘आजार विमा घेण्यापूर्वीपासूनचा आहे’ असे एका ओळीचे कारण देऊन कंपनीने दावा फेटाळला. मार्चमध्ये लसीसाठी नेले असताना केसपेपरवर ‘अंगावर गोचीड’ अशी नोंद झाली होती आणि या वेळी ॲडमिट करताना ‘गोचिडांचा त्रास बऱ्याच दिवसांपासून’ असे लिहिले गेले आहे. ऑगस्टमध्ये नसबंदीपूर्वी त्याचे रक्त तपासले होते, तेव्हा सर्व काही ठीक होते. आता काय करावे?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपण पाठविलेल्या कागदांच्या प्रती मी दोनदा वाचल्या. आपल्या दाव्याचे भवितव्य बिलावर नव्हे, तर केसपेपरवरील त्या एका वाक्यावर ठरले आहे, आणि ते वाक्य डॉक्टरांचे नसून बहुधा आपल्याच घरातील कोणाचे तरी आहे. दवाखान्यात गेल्यावर आपण काळजीपोटी सांगून टाकतो, ‘डॉक्टर, याला नेहमीच गोचीड होतात हो.’ समोर तापाने फणफणलेले जनावर असते, बाहेर रांग असते, आणि डॉक्टर ऐकलेले तसेच टिपून घेतात. त्यांच्या दृष्टीने ती उपचारासाठीची माहिती असते. दावा तपासणाऱ्या माणसाने मात्र त्या कुत्र्याला पाहिलेले नसते, त्याच्यासमोर फक्त कागद असतो, आणि कागदावर ‘बऱ्याच दिवसांपासून’ हे शब्द दिसले की तो पहिल्यांदा पॉलिसीची तारीख पाहतो.

तेव्हा आपल्याला मांडायचा मुद्दा असा की, गोचीड असणे आणि गोचीड ताप असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोचीड हा परजीवी आहे. ताप येतो तो गोचिडाच्या चाव्यातून रक्तात शिरणाऱ्या एर्लिकिया किंवा बबेसिया यांसारख्या सूक्ष्मजीवांमुळे. कुत्र्यांवर आढळणारा तपकिरी गोचीड उष्ण हवेत वर्षभर तग धरतो आणि घराच्या भेगांमध्ये अंडी घालतो. आपल्याकडे शहाबादी फरशीच्या सांध्यांत तो किती सुखाने राहतो, हे सोलापुरात कुत्रा पाळणाऱ्या कोणालाही वेगळे सांगायला नको. अंगावर कधीही गोचीड न दिसलेला कुत्रा शोधायचा म्हटले तर आपल्या शहरात बरीच पायपीट करावी लागेल, आणि मार्चमधील नोंदीवरून नोव्हेंबरचा आजार मार्चपासूनचाच होता असे म्हणायचे झाले, तर या रोगाचा एकही दावा कोणाला कधी मिळू शकणार नाही.

तथापि कंपनीची बाजूही आपल्याला ठाऊक असायला हवी, कारण उत्तर तिलाच द्यायचे आहे. एर्लिकियाचा संसर्ग झाल्यावर साधारणपणे एक ते तीन आठवड्यांत लक्षणे दिसतात, परंतु काही कुत्र्यांमध्ये पहिला ताप अंगावरच निघून जातो आणि जंतू महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे, कोणतेही ठळक लक्षण न दाखवता शरीरात राहतो. कंपनीचे वैद्यकीय सल्लागार नेमके यावर बोट ठेवतील. त्यांच्यासाठी आपल्याजवळ ऑगस्टचा रक्ततपासणी अहवाल आहे. त्यात प्लेटलेट्स २,६४,००० आहेत. निरोगी कुत्र्यामध्ये ही संख्या ढोबळमानाने दोन ते पाच लाखांच्या दरम्यान असते, आणि दबलेल्या संसर्गातही ती बहुतेकदा कमी झालेली आढळते. मार्चनंतर पाच महिन्यांनी, पॉलिसी सुरू असताना ती व्यवस्थित होती, ही नोंद आपल्या बाजूची सर्वांत वजनदार गोष्ट आहे. ती शंभर टक्के पुरावा नव्हे, पण कंपनीजवळ याच्या उलट दाखवणारा एकही अहवाल नाही. आश्चर्य म्हणजे हा कागद आपण दाव्यासोबत जोडलेलाच नव्हता. नसबंदीचा खर्च विम्यात बसत नाही म्हणून ती फाईल बाजूला ठेवली गेली, असे आपण लिहिले आहे. ज्या कागदाचे पैसे मागायचे नाहीत तोही कागद पुराव्यासाठी लागतो, ही गोष्ट भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही.

आता पायऱ्यांकडे वळू. प्रथम उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून त्यांच्या लेटरहेडवर एक प्रमाणपत्र घ्यावे. त्यात त्यांनी तीन गोष्टी स्पष्ट कराव्यात : मार्चमधील नोंद केवळ अंगावर दिसलेल्या गोचिडांची होती की तेव्हा आजाराची काही लक्षणे होती; या वेळची लक्षणे प्रथम कधी दिसली; आणि ‘बऱ्याच दिवसांपासून’ हे शब्द गोचिडांना उद्देशून आहेत की तापाला. डॉक्टरांना खरे तेच लिहू द्यावे. जुन्या केसपेपरवर खाडाखोड करून घेण्याचा सल्ला कोणी दिला, आणि असे सल्लागार आपल्याकडे चहाच्या टपरीवरसुद्धा भेटतात, तर तो मुळीच ऐकू नये. एक प्रत कंपनीकडे आधीच गेलेली आहे, दुसरी वेगळी निघाली की खरा दावाही खोटा ठरतो. खुलासा हवा तर तो आजच्या तारखेने, वेगळ्या कागदावर घ्यावा. प्रमाणपत्रावर डॉक्टरांचा पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक असावा. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच हा व्यवसाय करता येतो, आणि नोंदणी क्रमांक नसलेला कागद विमा कंपनी सहसा मानत नाही.

दुसरे म्हणजे, पॉलिसीतील ‘पूर्वीपासूनचा आजार’ या शब्दाची व्याख्या स्वतः वाचावी. पॉलिसीच्या पहिल्या पानावर ती नसते. ती मागे, व्याख्यांच्या भागात बारीक अक्षरांत असते. आपल्या पॉलिसीत ‘विमा सुरू होण्यापूर्वी निदान झालेला अथवा लक्षणे दिसलेला आजार’ असे शब्द आहेत. मार्चमध्ये आजाराचे निदानही नव्हते आणि लक्षणही नव्हते. दावा अपवादात बसतो हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर असते, आणि कलमाचे दोन अर्थ निघत असतील तर विमाधारकाला अनुकूल अर्थ घ्यावा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितले आहे. त्याच पॉलिसीत बाह्य परजीवींच्या उपचारांचा खर्च वगळला आहे, तेव्हा उद्या कंपनी ते कलम पुढे करील अशी शंका आपण व्यक्त केली आहे. नकारपत्रात जे कारण दिलेले नाही ते नंतर न्यायालयीन मंचापुढे नव्याने उभे करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून ते नकारपत्र त्याच्या पाकिटासह जपून ठेवावे.

तिसरी गोष्ट रकमेची. १८,६४० रुपये मिळतील अशी अपेक्षा धरू नये आणि मागूही नयेत. आपल्या बिलात दवाखान्यातील वास्तव्याचे ४,८००, सलाईन व इंजेक्शनांचे ३,९५०, तपासण्यांचे २,७०० आणि डॉक्टरांच्या शुल्काचे २,४०० असे एकूण १३,८५० रुपये आहेत. ही रक्कम रुग्णालयीन खर्चात सरळ बसते. घरी सोडल्यानंतरच्या अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्यांचे १,८९० रुपये बाह्यरुग्ण उपचारांच्या शीर्षाखाली येतात. आपण हे जादा संरक्षण घेतलेले असल्याने तेही मागता येतील. मात्र गोचीड प्रतिबंधक औषध व शांपू यांचे १,४५० आणि विशेष खाद्याचे १,४५० रुपये सोडून द्यावेत. उरलेल्या १५,७४० रुपयांतून आपल्या पॉलिसीप्रमाणे वीस टक्के वाटा आपला, म्हणजे ३,१४८ रुपये. राहिले १२,५९२. मागणी नेमकी एवढीच करावी आणि हिशेब एका कागदावर मांडून जोडावा. मी विमा कार्यालयात टेबलावर बसत असे त्या काळचा अनुभव सांगतो : शांपूचे बिल काढून टाकून आलेला अर्जदार पुढच्या आकड्यांतही प्रामाणिक असणार, असे वाचणाऱ्याला नकळत वाटून जाते.

हे सर्व कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे ई-मेलने पाठवावे. पत्र रागाचे नसावे आणि दीडएक पानाहून मोठे नसावे. सुरुवात अशी करता येईल : ‘आपल्या पत्रात नकाराचे कारण म्हणून आजार पूर्वीपासूनचा असल्याचे नमूद आहे. दिनांक अमुक रोजीच्या, म्हणजे पॉलिसी लागू झाल्यानंतरच्या, रक्ततपासणीत प्लेटलेट्सची संख्या सामान्य होती. तो अहवाल तसेच उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा खुलासा सोबत जोडला आहे. पॉलिसीतील व्याख्येनुसार हा आजार पूर्वीपासूनचा कोणत्या नोंदीच्या आधारे ठरविण्यात आला, ते कळवावे.’ शेवटचे वाक्य वगळू नये. आधार मागितला की समोरच्याला फाईल पुन्हा उघडावीच लागते.

चौदा दिवसांत तक्रारीचा निकाल लावणे कंपनीवर बंधनकारक आहे. तसे न झाल्यास विमा नियामक प्राधिकरणाच्या ‘बीमा भरोसा’ या संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. कंपनीने पुन्हा नकार दिला अथवा महिनाभर उत्तरच दिले नाही, तर विमा लोकपालांकडे जावे. सोलापूर जिल्हा पुण्याच्या लोकपाल कार्यालयाच्या कक्षेत येतो आणि ते कार्यालय नारायण पेठेत आहे, परंतु तक्रार ऑनलाईन करता येते व सुनावणीही व्हिडिओद्वारे होऊ शकते, त्यामुळे त्यासाठी पहाटेची गाडी पकडण्याचे कारण नाही. तेथे शुल्क नाही, वकील चालत नाही, आणि दिलेला निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत मात्र जावे लागते. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही मोकळा आहे, त्याची मुदत दोन वर्षांची आहे. बारा-साडेबारा हजारांच्या दाव्यासाठी मी आधी लोकपालांचेच दार ठोठावले असते.

एक सावधगिरी. माणसांच्या मेडिक्लेमचे नियम, म्हणजे साठ महिन्यांनंतर जुन्या आजाराचे कारण काढता न येणे वगैरे, येथे आपोआप लागू होत नाहीत. प्राण्यांचा विमा ‘आरोग्य विमा’ या वर्गात मोडत नाही. आपल्या मेहुण्यांनी पाठविलेले कात्रण मेडिक्लेमविषयीचे आहे, ते अर्जाला जोडू नये.

प्रश्न : आमचे डॉक्टर औषधांची नावे चिठ्ठीवर लिहून देतात, औषधे माणसांच्या मेडिकल दुकानातून आणावी लागतात आणि दवाखान्याची पावती साध्या कागदावर मिळते. अशा कागदांवर दावा मंजूर होईल का?
— एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : औषध माणसांच्या दुकानातून आणल्याने काही बिघडत नाही, कारण कुत्र्यांना दिली जाणारी कितीतरी औषधे तीच असतात. बिघडते ते बिलावरील नावामुळे. दुकानदार सवयीने आपले नाव घालतो, आणि मग ती गोळी कुत्र्याने घेतली की मालकाने, असा प्रश्न दावा तपासणाऱ्याला पडतो. ‘मोती, मालक अमुक’ असे नाव घालून, डॉक्टरांच्या नावासह संगणकीय बिल मागावे. दुकानदार हसला तर हसू द्यावा.

चिठ्ठी चालते, परंतु तिच्यावर तारीख, प्राण्याचे नाव, निदान आणि डॉक्टरांची सही व नोंदणी क्रमांक असावा. निदान नसलेली चिठ्ठी म्हणजे केवळ औषधांची यादी असते, आणि खर्च कशासाठी झाला हेच त्यातून कळत नाही. साध्या कागदावरील पावतीवर किमान शिक्का व क्रमांक घ्यावा, आणि शक्यतो पैसे यूपीआयने द्यावेत, म्हणजे बँकेच्या नोंदीचा आधार राहतो. आपल्या भागातील अनेक डॉक्टर एकट्याने दवाखाना चालवतात आणि त्यांना लिखापढीसाठी वेळ नसतो. त्यांच्याकडे कागद मागण्याची वेळ दवाखान्यातून निघतानाची, दोन महिन्यांनंतरची नव्हे. दोन महिन्यांनंतर बनवलेल्या बिलाचा क्रमांक आधीच्या बिलांच्या क्रमात बसत नाही, आणि ते चटकन नजरेत भरते.

काही किरकोळ कागद राहून गेले तर घाबरू नये. केवळ कागदपत्रे नाहीत म्हणून दावा फेटाळू नये आणि दाव्याशी थेट संबंध असलेलेच कागद मागावेत, असे नियामक प्राधिकरणाने २०२४ च्या परिपत्रकात सर्वसाधारण विमा कंपन्यांना बजावले आहे.

प्रश्न : जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत शोभेचे दारूकाम चालू असताना आमची कुत्री आवाजाने बिथरून फाटकाबाहेर पळाली आणि दुचाकीची धडक बसून तिचे कमरेचे हाड मोडले. त्याच रात्री भाड्याची गाडी करून पुण्याला नेले, तेथे शस्त्रक्रिया झाली. या गडबडीत कंपनीला कळवायला सहा दिवस लागले. पॉलिसीत अट ४८ तासांची आहे. दावा गेला असे समजावे का? गाडीभाडे मिळेल का?
— एक वाचक, मुरारजी पेठ

उत्तर : असे समजू नये. अडीचशे किलोमीटर रात्रीचा प्रवास, दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया आणि अनोळखी शहरात जनावराजवळ बसून काढलेले दिवस, हे उशिराचे खरे आणि पटण्यासारखे कारण आहे. अपरिहार्य कारणाने झालेल्या उशिरावर बोट ठेवून खरे दावे यांत्रिकपणे नाकारू नयेत, अशी सूचना नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०११ मध्येच दिली होती. वाहनचोरीच्या एका प्रकरणात, पोलिसांकडे तक्रार तत्काळ झाली असेल तर कंपनीला उशिरा कळवले एवढ्यावरून दावा नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले. या निकालामागचा विचार आपल्या उपयोगाचा आहे : घटना खरी आहे हे त्याच वेळच्या दुसऱ्या कोणत्या तरी नोंदीवरून दिसले पाहिजे. आपल्याजवळ अशा नोंदी भरपूर आहेत. सोलापूरच्या डॉक्टरांनी रात्री साडेदहाला दिलेली संदर्भचिठ्ठी, पहाटेची टोलची पावती आणि पुण्याच्या रुग्णालयातील दाखल होण्याची वेळ हे तीन कागद एका ओळीत ठेवले की त्या रात्रीचा सारा प्रवास दिसतो. उशिराचे कारण वेगळ्या पत्रात चार ओळींत लिहावे. दाव्याच्या अर्जातील ‘कळविल्याची तारीख’ या रकान्यात मात्र खरी तारीखच घालावी.

गाडीभाडे बहुतेक पॉलिसींत मिळत नाही. टोलची पावती पैशासाठी नव्हे, वेळेच्या पुराव्यासाठी जोडायची आहे, हे पत्रात नमूद करावे.

शस्त्रक्रियेपूर्वीची आणि नंतरची अशा दोन्ही एक्स-रे प्रती रुग्णालयाकडून अवश्य मागून घ्याव्यात. तसेच जखमी झालेली कुत्री आणि विमा उतरवलेली कुत्री एकच आहे हे दाखवावे लागते. तिच्या मानेच्या कातडीखाली मायक्रोचिप बसवलेली असेल तर पंधरा अंकी क्रमांक रुग्णालयाच्या कागदावर लिहून घ्यावा. चिप नसेल तर विमा घेताना दिलेली छायाचित्रे आणि आताची छायाचित्रे, अंगावरील ठळक खुणा दिसतील अशी, सोबत द्यावीत. आपल्या फोटोत कुत्रीच्या अंगावर सोलापुरी चादर पांघरलेली आहे. माया कळते, परंतु तिच्या छातीवरचा पांढरा पट्टा त्या चादरीखाली झाकला गेला आहे. दुसरा फोटो काढावा.

प्रश्न : आमच्याकडे रस्त्यावरून आणलेली गावठी कुत्री आणि एक मांजर आहे. कुत्री नऊ वर्षांची असावी. या दोघांचा विमा निघेल का, की तो फक्त महागड्या जातींसाठी असतो?
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : गावठी म्हणून आता अडचण येईलच असे नाही. सार्वजनिक क्षेत्रातील न्यू इंडिया ॲश्युरन्स, तसेच बजाज, एचडीएफसी अर्गो, फ्यूचर जनराली (आताची जनराली सेंट्रल) अशा खासगी कंपन्यांनी कुत्र्यांसाठी पॉलिसी आणल्या आहेत. त्यांपैकी काहींत देशी व संकरित कुत्र्यांना आणि काहींत मांजरांनाही प्रवेश आहे. खरी अडचण वयाची आहे. पहिल्यांदा विमा उतरवताना बहुतेक ठिकाणी वयाची वरची मर्यादा असते आणि नऊ वर्षांची कुत्री तिच्या बाहेर पडण्याचा संभव अधिक. वय अंदाजाने कमी सांगण्याचा मोह होईल. पशुवैद्य दातांवरून वयाचा अंदाज बांधतात, आणि उद्या दाव्याच्या वेळी त्यांनीच लिहिलेला आकडा आपल्या प्रस्तावातील आकड्याशी जुळला नाही तर हप्ता गेला आणि दावाही गेला.

मांजरासाठी मात्र अवश्य विचारावे. विमा घेण्यापूर्वी लसीकरणाचे पुस्तक पूर्ण करून घ्यावे. लसीने टळू शकणारा आजार लस न दिल्यामुळे झाला तर त्याचा खर्च सामान्यतः मिळत नाही. कुत्र्यांच्या बाबतीत पार्वो आणि डिस्टेंपर या आजारांवरून होणारे निम्मे वाद या पुस्तकातील एखाद्या रिकाम्या चौकटीपाशी येऊन थांबतात. लसीच्या बाटलीवरचे लेबल पुस्तकात चिकटवून तारीख घातलेली असावी, नुसती टिकमार्क पुरत नाही.

आपल्या कुत्रीचा विमा निघाला नाही तर वाईट वाटून घेऊ नये. त्या हप्त्याची रक्कम दरमहा बाजूला टाकावी आणि जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयाची सेवा हाताशी ठेवावी. शासकीय दवाखान्यातील शुल्क खासगीच्या मानाने फारच कमी असते. नऊ वर्षांच्या जनावरासाठी हा हिशेब कित्येकदा विम्यापेक्षा बरा बसतो.

प्रश्न : माझ्या पंढरपुरी म्हशीचा शासकीय योजनेतून विमा आहे. कासदाहावर उपचार करताना नऊ हजार रुपये खर्च झाला. शहरात कुत्र्याच्या औषधाचे पैसे विम्यातून मिळतात असे ऐकले. मग माझ्या म्हशीचे का मिळू नयेत?
— एक शेतकरी, मोहोळ तालुका

उत्तर : आपला प्रश्न रास्त आहे, पण उत्तर आपल्याला आवडणार नाही. पशुधन विमा हा जनावराच्या किमतीचा विमा आहे, उपचाराचा नव्हे. जनावर दगावले, किंवा घेतलेल्या संरक्षणात समाविष्ट असल्यास कायमचे निकामी झाले, तरच विम्याची रक्कम मिळते. मधल्या काळातील औषधपाण्याचा खर्च त्यात येत नाही. कुत्र्याच्या पॉलिसीत तो येतो, कारण ती पॉलिसीच उपचारखर्चासाठी बेतलेली असते आणि तिचा पूर्ण हप्ता मालक भरतो. आपल्या योजनेत, म्हणजे राष्ट्रीय पशुधन अभियानात, फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयानुसार शेतकऱ्याचा वाटा हप्त्याच्या केवळ १५ टक्के आहे आणि उरलेला भार केंद्र व राज्य ६० : ४० या प्रमाणात उचलतात.

असे असले तरी त्या नऊ हजारांचे कागद टाकून देऊ नका. कासदाह बळावून उद्या म्हैस दगावली, देव करो आणि तसे न होवो, तर वेळेवर उपचार केले होते हे दाखवायला तेच कागद लागतील. हयगय झाली असे कारण काढून दावे अडकतात. त्या प्रसंगी कंपनीला आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला ताबडतोब कळवावे, शवविच्छेदन होईपर्यंत जनावर पुरू नये आणि कानातला बिल्ला दिसेल असा फोटो काढून ठेवावा. बिल्ला नाही तर दावा नाही, हे आपण ऐकलेच असेल. म्हणून आज संध्याकाळी धार काढायला बसाल तेव्हा म्हशीचा कान एकदा हातात घेऊन पाहा. बिल्ला जागेवर नसेल, किंवा त्यावरचे बारा अंक पुसट झाले असतील, तर उद्याच दवाखान्यात जाऊन नवा बसवून घ्या आणि त्याचा क्रमांक कंपनीला लेखी कळवून पोच घ्या.